डावी कूस

सर्दी सोमवारची. नाक वाहिलं, पुसलं.
चंदनझिऱ्यात कुणाचं नाक वाहत नाही?
मिलचा धूर घरात येतो
तेव्हा चपला बाहेर काढत नाही.

मंगळवारी संबोधीनं दूध तोडलं.
म्हणजे असं: तोंड लावायची, दोन घोट घ्यायची,
आणि चटका बसावा तशी मागं सरायची.
मला वाटलं माझंच दूध कडवट,
आदल्या दिवशी मेथी खाल्ली होती.

दात येत असतील, जुलेखा चाची म्हणाली.
दीड वर्षाच्या लेकराला दात सोडून
दुसरं काय येतं?
ताप येतो, चाची.
रात्री दोनला, काखेत, एकशे दोन.

हात सारखा कानाशी.
मी हसलेसुद्धा, कुणाचा फोन आलाय गं?
ते हसणं मला
पुढं पुष्कळ दिवस पचलं नाही.

उभी धरली की गप्प.
खांद्यावर गप्प, भिंतीला टेकवली तरी गप्प.
आडवी टाकली की किंकाळी,
जसा गादीत कुणी खिळा पेरलाय
नेमका डाव्या अंगाला.
दारापासून गॅसपर्यंत अकरा पावलं,
गॅसपासून दारापर्यंत बारा,
एक झोपेत जास्तीचं पडत असावं.

तिचा बाप रात्रपाळीला,
लाल सळ्या जिथं सापासारख्या पळतात तिथं.
कानात कापूस घालतो, तरी घरी आल्यावर
सगळं दोनदा सांगावं लागतं.
फोन लावला. लेकरू रडतंय.
काय?
लेकरू रडतंय!
काय?

सासूबाईंचा अंबडहून निरोप:
लसूण तेलात कढव, दोन थेंब सोड, आमचे सगळे असेच वाढले.
कढवलं. वाटी कोमट होऊ दिली.
कानाजवळ चमचा नेला आणि तिनं असा हात मारला
की तेल माझ्या गाऊनवर.
डाग निघाला नाही.
मी घासतही नाही.

शुक्रवारी पहाटे रडणं थांबलं.
कमी कमी होत नाही. एकदम,
भारनियमनात पंखा थांबतो तसं.
झोपली. डाव्या कुशीवर झोपली,
चार रात्री जी कूस तिला नको होती तिच्यावर.
आभार कुणाचे मानावेत ते सुचेना,
मी छताकडं बघून हात जोडले
आणि तिच्या शेजारी मेल्यासारखी पडले.

उजाडलं तेव्हा उशीवर पिवळा डाग,
रुपयाएवढा, कडा वाळलेल्या.
कानातून गालावर उतरलेली एक ओली रेघ.
वास सांगत नाही.

डॉक्टर तोष्णीवालांनी कानात उजेड घातला.
पडदा फुटलाय, म्हणाले,
आत पू दाटला होता, त्याला वाट मिळाली,
म्हणून दुखायचं थांबलं.
बरं वाटलं म्हणून बाटली अर्ध्यात सोडू नका.
पाणी नको, तेल तर नकोच,
पाजताना डोकं वर.
पडदा भरून येतो, बहुतेक वेळा.

आधी कळलं असतं का?
त्यांनी चिठ्ठी उलटी केली, वार विचारले.
दूध कधी तोडलं, मंगळवार.
आडवं पडणं कधी नकोसं झालं, मंगळवार रात्र.
हात कानाशी, बुधवार.
मला सगळं तोंडपाठ होतं.
त्यांनी खाली एक रेघ मारली,
बोलले काही नाहीत.

आता तिसरा आठवडा.
रोज सकाळी ती भांड्यांशी खेळत असते
तेव्हा मी मागून जाऊन बिस्किटाचा पुडा चुरगाळते.
उजवीकडून चुरगाळला की गर्रकन वळते, हात पुढं.
डावीकडून चुरगाळला की
वाटीत वाटी घालत राहते.
तिचा बाप दारात उभा राहून बघतो,
कापूस अजून कानातच,
आणि मला विचारतो, वळली का?

आज डावीकडून मान हलली.
पुड्यानं हलली
की मानेवर माशी बसली म्हणून,
ते अजून ठरायचंय.
पुडा मी उद्यासाठी डब्यात ठेवलाय,
आतली बिस्किटं सगळी भुगा.